बिनडाग

जिमच्या तळघरात दोन वॉशिंग मशीन होती.
एक गळायचं, एक ओरडायचं.
एकाहत्तरचा तो हंगाम
मी स्टँडमधून एकदाही पाहिला नाही.
रविवारी पहाटे कॅनव्हासच्या पोत्यातून
तो माझ्यापुढे ओतला जायचा,
त्रेपन्न जर्सी, ओल्या, जड,
आणि मी त्या उलट्या करून वाचायचे.

गुडघ्याशी हिरवं, म्हणजे मैदान कोरडं होतं, पोरं घसरली.
खांद्यावर चुना, म्हणजे कुणी रेघेवर आपटलं.
रेघेच्या आत की बाहेर, ते कापड सांगत नाही.
रक्त थंड पाण्यात. कायम थंड.
गरम पाण्यात टाकलंत की ते मुक्कामालाच येतं.
हे कोच स्टुडनिकाला मी शिकवलं.
त्याने मला फुटबॉलमधलं काही शिकवलं नाही.

सप्टेंबरात तीन जिंकलो. लोक म्हणाले, लागला मटका.
ऑक्टोबरात पाच शनिवार आले, पाचही आमचे.
मग खाटकाने काचेवर खडूने स्कोअर लिहायला घेतला,
धान्याच्या कोठारावर कुणीतरी रात्री चढून
आमच्या कॉलेजचं नाव रंगवलं, एक अक्षर गाळून.
ओमाहाहून आलेला क्लीव्हन प्रॉक्टर, नंबर अकरा,
चेंडू असा फेकायचा की हवेला शिवण पडावी.
गावातला न्हावी त्याचे केस कापत नव्हता.
सातव्या विजयानंतर कापले. फुकट, म्हणाला.
क्लीव्हनने काउंटरवर पैसे ठेवले, मोजून.

नवव्या विजयाला पेपरात मथळा आला:
बिनडाग हंगाम.
मी तो जर्सींच्या ढिगावर बसून वाचला
आणि एवढ्या मोठ्याने हसले
की ओरडणाऱ्या मशीनचा आवाज ऐकू येईना.

एक जर्सी मात्र खरंच बिनडाग होती.
चव्वेचाळीस. वेंडेल ओकरलंड.
तिसऱ्या वर्षातला, मान जरा पुढे काढून चालणारा.
जशी द्यायचे तशी परत यायची,
फक्त काखेत घाम.
बाकावर बसूनही माणसाला घाम येतो.
मी ती इतरांसारखीच धुवायचे, इस्त्रीही जास्तीची.
न धुता पाठवली असती तर त्याला कळलं असतं.

तेरा नोव्हेंबर. बर्फ नाही, पाऊस नाही, मधलंच काहीतरी.
ड्रायरवर रेडिओ ठेवून मी मोजे जोडत होते.
कोटासचा गुडघा गेला, त्याच्या जागी आलेल्याचं मनगट.
चौथा क्वार्टर, चार गुणांनी मागे,
गोललाइन दोन यार्डांवर,
आणि निवेदक एक नाव चाचपडत बोलला,
ओकर... ओकरलँड, चव्वेचाळीस.
मी हातातला मोजा तसाच धरून उभी.
त्याला चेंडू दिला. तो घुसला. ढीग झाला.
शिट्टी. मग बराच वेळ नुसती खरखर.
मग कळलं, चेंडू दुसऱ्यांकडे आहे.

रविवारी ती जर्सी मी वेगळी काढली.
छातीपासून पोटापर्यंत प्लॅट नदीची काळी माती,
बाहीला कुणाच्या तरी बुटाचा ठसा,
आणि दोन्ही कोपरांवर चुना.
म्हणजे पोचला होता तो. रेघेपर्यंत तरी.
रेघेच्या आत की बाहेर,
मी दिव्याखाली धरून पुन्हा पुन्हा पाहिलं.

सोमवारी तो स्वतःच जिना उतरला.
चार दिवस झोपला नसावा असा,
खरं तर दोनच दिवस झाले होते.
“निघालं का सगळं?”
“कोपरांचं नाही निघालं,” मी म्हणाले.
चुना तर नुसत्या पाण्यानेही निघतो.
एकोणीस वर्षांत धुण्याबद्दल खोटं बोलले ते तेवढंच.
त्याने कोपर बल्बपाशी नेलं,
बोटाने त्या पांढऱ्यावर हलकेच फिरवलं,
म्हणाला, “असू दे, मिसेस ड्वोराचेक.”

मग बाकीच्यांच्या कपड्यांचं पोतं
न सांगता उचललं त्याने.
बारा पायऱ्या, वरची ओली.
मी खालून बघत होते.
दोन्ही हातांनी, पार छातीशी,
धरलं होतं त्याने ते.