उत्तरेची भिंत

टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं शिपायाच्या.
"एकेचाळीस फूट सात इंच," तो पलीकडून ओरडतो
आणि मी लिहिते : उत्तरेची भिंत.
नगर निगमच्या कागदावर तिला एवढंच नाव.

लष्करात जुन्या कुणालाही विचारा.
मे महिन्यात सगळं ग्वाल्हेर तव्यावर असायचं
आणि बर्फखान्याची ही एकटी भिंत घामेजलेली.
आत खाऱ्या पाण्याच्या हौदात लाद्या गोठायच्या,
बाहेर विटांना ओल सुटायची.
रात्री आख्खी गल्ली खाटा उचलून इथे,
उशी भिंतीकडे, पाय नाल्याकडे.
जागेवरून भांडणं व्हायची.
पोटुशी बाई असेल तर तिला मधली जागा,
हे मात्र कुणी कुणाला सांगावं लागायचं नाही.

एकोणऐंशी साली, लग्नसराईत,
यंत्र दोन दिवस न थांबता चाललं.
पहाटे तीनच्या सुमारास कुठला तरी जोड सुटला.
आधी वास आला की आधी खोकला,
यावर अजून वाद आहे.
काहींनी अंगावरच्या ओल्या चादरी तोंडावर ओढल्या.
काही पळाले, वारा जिकडे होता तिकडेच.

गल्ली म्हणते तेवीस.
माझ्या फायलीत एकवीस.
दोघी आदल्या दिवशी पाहुण्या म्हणून आलेल्या.

बैठकीत चहा आला, कचोरी आली.
पार्षद म्हणाले, पार्किंग करू, बाजारात गाडी लावायला जागा कुठे आहे?
निवृत्त शितोळे मास्तरांनी चित्रच आणलं होतं,
काळा दगड, सोनेरी नावं, मधोमध कारंजं.
कुणीतरी मागून "मंगल कार्यालय" म्हणालं
आणि लगेच खाली बघू लागलं.
दौलतराम कुशवाह म्हणाले, पाडा.
माझी आई अजून वळसा घालून भाजी आणते,
गुडघे गेले तरी वळसा घालते.
सरजूबाई म्हणाल्या, पाडून दाखवा.
त्यांच्या धाकट्या भावाचा फोटोसुद्धा नाही.

इशाक मिस्त्री दाराशी उभे होते.
त्या रात्री व्हॉल्व्हवर तेच.
कोर्टाने सोडलं, गल्लीने नाही.
कुणी बसा म्हणालं नाही, तेही बसले नाहीत.
"पहले ताला तो खोलिए," एवढंच बोलले,
"छियालिस साल में अंदर गया कौन है?"
मग सगळे किल्लीबद्दल बोलू लागले.
किल्ली कलेक्टर कचेरीत असावी,
किंवा मालकाच्या नातवाकडे, कानपुरात.

माझं इथे कुणी गेलेलं नाही.
फक्त, आई आयुष्यभर एक तक्रार करायची :
माझ्या लग्नात सरबत कोमट होतं हो,
बर्फ सांगितला होता, आलाच नाही.
आम्ही हसायचो. आजोबांनी आगाऊ दिलेले
अकरा रुपयेही बुडाले म्हणायची.
तारीख मी काल ताडून पाहिली.
आई आता नाही. असती तरी
सांगितलं असतं की नसतं, कोण जाणे.

रात्री नकाशा पुरा करायला बसले.
भिंत काढली, नाला काढला, कडुनिंब काढला
आणि हात थांबेना म्हणून
भिंतीला लागून चौकोन काढत गेले,
सहा बाय तीन, सहा बाय तीन,
मध्ये चप्पल काढण्यापुरती फट.
अकरा बसले. म्हणजे दोन रांगा असणार,
किंवा मुलं आयांच्या कुशीत.

सकाळी इंजिनिअर साहेब नकाशावर वाकले.
"वा, स्कूटरच्या जागासुद्धा आखल्यात!
माप अगदी बरोबर आहे."

खोडरबर टेबलावरच होतं.
साहेब सहीसाठी पेन शोधत होते, खिशात, कानामागे, फायलीखाली.
मी म्हटलं, साहेब, थांबा,
या गाड्या नाहीत.
मग काय आहे, त्यांनी विचारलं.

मी मधल्या चौकोनावर बोट ठेवलं
आणि तिथूनच सांगायला सुरुवात केली.