मिठाला जागणं

दुलूथच्या बंदरात, मिठाच्या डोंगराला टेकून
एक पत्र्याची खोली आहे. तिथे व्हर्ना कोसिला
रात्री अकरा ते सकाळी सात
ट्रकांची वजनं करते.
रिकामा ट्रक, भरलेला ट्रक, मधला फरक म्हणजे मीठ,
रस्त्यांवरचा बर्फ वितळवायला.
बाहेर उणे सव्वीस. आत एक हीटर,
तो फक्त डावा पाय भाजतो.

दोन ट्रकांच्या मधे ती शिकते.
चार वर्षांत पदवी, असं ठरलं होतं.
मग आईच्या खुब्याचं हाड, मग गाडीचा गिअरबॉक्स,
मग एक अख्खा हिवाळा नुसताच गेला,
त्याचं कारण तिला अजून सांगता येत नाही.
सहावं वर्ष आता.

धडा चौदावा: पासवर्ड कधी तसाच साठवू नये.
आधी त्यात मीठ घालावं
(पुस्तकात हाच शब्द आहे, मीठ),
प्रत्येकाच्या पासवर्डात वेगळं,
कुणाला अंदाज येणार नाही असं,
आणि मग असा दळावा
की पिठाचा परत दाणा होऊ नये.
व्हर्नानं खिडकीबाहेर पाहिलं.
ऐंशी हजार टन.
आणि ती एकटीच हसत सुटली,
इतकी, की काट्यावर उभ्या ऑर्विल ब्युशेनं
काच खाली करून विचारलं, काय गं, काय झालं?
"काही नाही. बेचाळीस हजार दोनशे पौंड. नीघ."

खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात आमच्यात.
ही न खाल्लेल्या मिठाला जागली, शब्दशः,
तासाला चोवीस डॉलरनं,
थर्मासमधली कॉफी संपली की
झाकणातली.

शेवटच्या पेपरच्या रात्री वादळ नव्हतं.
तरी ऑर्विलनं फाटकात ट्रक आडवा लावला
आणि रेडिओवर सगळ्यांना सांगितलं
की गिअर अडकलाय, दोन तास लागतील.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

कॅमेऱ्यातून पहारा. कुठल्या गावातून कोण जाणे,
नुसता आवाज: मॅडम, खोली दाखवा. भिंती. टेबलाखाली.
तिनं लॅपटॉप उचलून फिरवला:
वजनाचा आकडा, शून्य. ओले हातमोजे. कॅलेंडरवरचा मासा.
साहेबांच्या कळफलकाला चिकटलेल्या पिवळ्या चिठ्ठीपाशी
तिनं तळहात आडवा धरला.
मॅडम, हाताखाली काय आहे?
"साहेबांचा पासवर्ड," ती म्हणाली,
"तो मी तुम्हालाही दाखवणार नाही."
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग: ठीक आहे. सुरू करा.

एकोणीस दिवसांनी, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, मेल आला.
अभिनंदन, व्हर्ना!
तुमची पदवी पाहण्यासाठी इथे क्लिक करा.

तिचं बोट उचललं गेलं, आणि तिथेच थांबलं.
उद्गारचिन्ह. घाई. पाठवणाऱ्याचा पत्ता
विद्यापीठाचा, पण मधे एक जास्तीचा ठिपका.
सहा वर्षं हेच तर घोकलं होतं:
जे फार हवंसं वाटतं, त्याच्यावर आधी संशय घे.
तिनं मेल बंद केला. तीन ट्रक मोजले.
परत उघडला. पाहिला. परत बंद.
पाळी सात वाजता संपली. ती गेली नाही.
कचेरी आठला उघडते.

आठ वाजून एक मिनिट. फोनवर एक झोपाळू बाई.
जन्मतारीख सांगा. विद्यार्थी क्रमांक सांगा.
"आधी तुम्ही कोण ते सांगा," व्हर्ना म्हणाली,
"हा नंबर मी तुमच्या मेलमधून नाही,
जुन्या फीच्या पावतीवरून घेतलाय."
मग दोघींनी थोडं थोडं करून
एकमेकींची खात्री पटवली.

हो, बाई म्हणाली. खरं आहे. झालात तुम्ही.

खिडकीबाहेर ऑर्विल इंजिन चालू ठेवून थांबला होता,
घरी सोडायला, की नुसताच.
व्हर्नानं त्याला अंगठा दाखवला नाही अजून.
तिचं फोनवर एक काम राहिलं होतं.
"थँक्यू," ती म्हणाली. "आणि हे बघा,
असल्या लिंका पाठवत जाऊ नका लोकांना."