साडेतीनचा क्षय

वोरूच्या बेकरीत आता कणीक मळायला माणूस लागत नाही.
रोज रात्री साडेतीनला यंत्र आपणहून जागं होतं,
राईचं पीठ, पाणी, कालचं आंबवण मापून घेतं
आणि पाती फिरू लागतात.
एका ओळीचा हुकूम आहे तो, मीच लिहिलेला:
मिनिट तीस, तास तीन, वार कुठलाही, महिना कुठलाही.
त्या 'कुठलाही'वर मी फार विसंबले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी
दोन एकोणसाठनंतर एकदम चार वाजले.
साडेतीन त्या दिवशी उगवलेच नाहीत.
यंत्राचा काय दोष?
ते दारात उभं होतं, पाहुणाच आला नाही.
नोंदवहीत चूक नाही, इशारा नाही,
शनिवारखाली थेट सोमवार.
सकाळी फळ्या रिकाम्या.
हेल्मेबाई पाव न्यायला आल्या तेव्हा काउंटरवरच्या पोरीनं
बिस्किटांचा पुडा पुढे केला, वेळ मारून नेली.
मेलेलीच होती ती.

"उर्वे, मला उठवायचं होतंस," एंडेल म्हणाला.
निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली,
तरी त्याच्या नखांच्या कडा पांढऱ्याच वाटतात मला.
त्याच्या लहानपणी भिंतीवरचं घड्याळ मॉस्कोचं होतं,
तमुला तळ्यावर सूर्य मात्र आपल्या सोयीनं यायचा.
रेडिओ एक वेळ सांगायचा, आई अंगणात बघून दुसरी.
एकोणनव्वद साली वेळ घरी परत आणली.
नंतर मधेच दोन उन्हाळे काटे कोणी हलवलेच नाहीत,
मग पुन्हा हलवू लागले.
"आंबवणाला यातलं काही कळत नाही," तो म्हणतो,
"त्याला फक्त ऊब कळते."

ऑक्टोबरात उलट.
तीन एकोणसाठ, आणि पुन्हा तीन.
साडेतीन दोनदा वाजले, हुकूम दोनदा सुटला.
भांड्यात कणीक, कणकेवर कणीक,
झाकण डोक्यावर घेऊन ती बाहेर आली
आणि सावकाश जमिनीवर उतरली.
मी धावत पोचले तर एंडेल गुडघ्यांवर,
हातात उलथनं, डोळ्यांत हसून हसून पाणी.
"फुकटचा तास मिळालाय, बघ कुठे ठेवायचा."
सगळी गल्ली त्या दिवशी पाव खात होती,
अग्निशमनची माणसंसुद्धा,
तरी सहा पाव उरले.

मग मी बसून नियम वाचले.
एका जुन्या वेळापत्रक्याचा कायदा असा:
घड्याळ तीन तासांच्या आत पुढे सरकलं
तर हुकलेली कामं लगोलग उरकावीत.
मागे आलं, तर झालेली पुन्हा करू नयेत.
आणि सरकणं तीन तासांहून मोठं असेल
तर ती दुरुस्ती समजावी,
नवी वेळ खरी धरावी,
मधल्या कामांची चौकशी करू नये.

हे मी एंडेलला मोठ्यानं वाचून दाखवलं.
त्यानं पावाचा चुरा बोटानं गोळा केला,
टेबलाच्या कडेशी आणून ठेवला.
"मावशीला नेलं तेही मार्चमध्येच.
एकोणपन्नास साल. मी पाच वर्षांचा.
सात वर्षांनी सायबेरियाहून आली, दारात उभी राहिली.
आईनं विचारलं, चहा घेशील?
बस. एवढंच."
थोड्या वेळानं म्हणाला,
"तीन तासांहून जास्त झालं होतं ना."

आता यंत्राला मी ग्रिनिचच्या वेळेवर बांधलंय.
ती ना पुढे जाते ना मागे.
त्यामुळे हिवाळ्यात पाव तासभर आधी भाजून होतो,
आणि हेल्मेबाईंची तक्रार असते
की त्या येईपर्यंत तो निवलेला असतो.
त्यांचं खरंच आहे.

हुकूम बिनचूक आहे, मी तीनदा तपासला.
तरी मार्चचा तो रविवार आला
की तीनच्या आधी जाग येते.
कोट चढवून बेकरीपर्यंत जाते,
पात्यांचा आवाज ऐकते, परत फिरते.
वाटेत एंडेलच्या स्वयंपाकघरात दिवा असतो.
मी काचेवर टकटक करते.
तो वाजले किती ते विचारत नाही,
किटली ठेवतो.