साथीला

जगात जर्मनी, भारतात परभणी.
ही म्हण आमच्याकडं एकाच टेबलाशी बसलेली असते:
जर्मन बनावटीचं स्पूल यंत्र
आणि मी.
यंत्राचा पट्टा गेल्या साली तुटला,
तेव्हा शिलाई मशीनचा घातला. चालतो.
फीत सेकंदाला पावणेचार इंच सरकते.
या खोलीत काळ इंचांत मोजायचा.

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर,
पेपरच्या गठ्ठ्यांपलीकडं,
दोन लोखंडी कपाटं, चारशे सहा फिती.
थर्मामीटर मागितला होता, कॅलेंडर आलं.
कसर लागू नये म्हणून कप्प्याकप्प्यात
लिंबाचा पाला ठेवते, दर महिन्याला नवा.
जुना मुठीत चुरला की
फीत सुरू होण्याआधीची खरखर ऐकू येते.

माझ्याआधी इथं पाथरीकर बाई होत्या.
त्यांची नोंदवही, अक्षर कोरीव:
फीत क्रमांक. गायक. प्रकार. गाव. साल.
आणि काठाला, जागा उरली म्हणून आखल्यासारखा
एक अरुंद रकाना: साथीला.
त्यात पानामागून पान एकच शब्द, अज्ञात.
पुढं पुढं तर नुसती दोन टिंबं.
म्हणजे वरच्यासारखंच.

मे महिना, लाइट नुकतीच आलेली.
एक म्हातारी जिना चढून आली, चपला हातात.
मानवतच्या पलीकडून कुठून तरी.
म्हणाली, बोरीच्या जलशाची टेप हाय म्हणं तुमच्यापाशी,
दुष्काळाच्या सालची.

फीत एकशे त्र्याण्णव.
तिनं हेडफोन पदरावरूनच घातला.
गायक वर चढत गेला
तशी तिच्या कपाळाला आठी.
ह्यो लई वरडतो. ह्याला बारीक करता येतंय का?
नाही हो मावशी, दोघं एकाच माइकवर आहेत.
हां, म्हणाली. तवाबी तसंच हुतं.

मग एकदम हात वर. थांब.
हे वाजवायलेत ना, ढोलकी, ते आमचेच.
(वाजवायलेत. मी तारखेकडं बघितलं
आणि व्याकरणाला हात लावला नाही.)
कशावरून म्हणता?
डाव्या हाताची दोन बोटं कडबाकुट्टीत गेली हुती.
ऐक. धुमाच्या मागं एक जागा रिकामी पडती.
कुणाला कळत न्हाई. मला कळती.

मी फीत मागं घेतली. पुन्हा. पुन्हा.
तिसऱ्या खेपेला मलाही ऐकू आली
ती जागा:
पायरी उतरताना शेवटची एक नसावी तशी.

पेन उघडलं. नाव सांगा.
ती हसली, मग ओशाळली.
आम्ही घेत न्हाई नाव.
आता तरी घ्या, वहीत लिहायचंय.
ती खोलीभर बघत राहिली,
कपाट, पंखा, सरकारी कॅलेंडर,
मग उठून उघड्या कप्प्यातला पाला उचलला,
माझ्यासमोर वहीवर ठेवला.
ह्ये. फुडं जी लाव.

लिंबाजी.

साडेचारच्या गाडीनं ती गेली.
कॉपी करून देते म्हटलं, तर
घरी कशावर ऐकू, म्हणाली.

तेव्हापासून मी गाणाऱ्यांच्या खालून ऐकते.
शेलूची एक बैठक, जिंतूरची तीन गाणी,
गाव न लिहिलेली एक लग्नाची वरात:
आतापर्यंत अकरा फितींत
ती दोन बोटं सापडली, नसलेली.
बाईंची शाई खोडरबरानं जात नाही.
अज्ञात तसंच राहू दिलं,
शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहीत गेले,
रकाना अरुंद, नाव निम्मं बाहेर.

आडनाव विचारायचं राहिलं.