स्पेसबार

सातव्या मिनिटाला मी बोट दाबते
आणि डोमाजी निनावे पडद्यावर येतात,
नऊ फूट उंच.
उजव्या कानाजवळ पडद्याची शिवण दिसते,
महालातल्या शिंप्याने दोन चादरी जोडून दिल्या त्याची.

चित्रण मे महिन्यातलं.
इतवारीत, कापडाच्या गोदामात, कूलर बंद,
कारण कूलर आवाजात येतो.
बाप पडद्यात, लेक रंगमंचावर, असं नाटक,
म्हणजे करुणाच्या वाक्यांना जागा सोडत
बोलायचं होतं त्यांना.
समोर करुणा नाही. फक्त माझा हात:
मुठ मिटली की गप्प, उघडली की बोला.

"पोट्टे, समोर मानूस नाही, त मी वाट कोनाची पाहू?"
काका, मोजा ना. चार आकडे.
"आकडे मोजून गप्प बसते का वं मानूस?
मानूस त ऐकते म्हनून गप्प बसते."

खडी गंमतीत चाळीस वर्षं काढलेला माणूस.
पहाटे तीनला मंचावर कुत्रं आलं
तर त्यालाही एक वाक्य देणारा.
लोक हसले की थांबणारा,
पोर रडलं की त्या पोरालाच जाब विचारणारा.
त्यांना मी अकरा तुकड्यांत कापलं.
बारावा निराळा ठेवला, नाव दिलं: नको.
त्यात ते फक्त उन्हाला शिव्या देतात.
आणि एक चार सेकंदांचा,
गोदामाबाहेर हमाल भांडत होते तेव्हाचा.
ते खरंच कान देऊन होते,
पापणी मिटली, उघडली, श्वास घेतला.
त्याला नाव दिलं: ऐकणं.

मारबतीच्या दुसऱ्या दिवशी लकवा मारला.
उजवा हात गेला, वाचा गेली.
तेव्हापासून त्यांचा आवाज माझ्या लॅपटॉपमध्ये आहे.
मी तो चार्ज करते, पिशवीत घालते,
सिताबर्डीच्या गर्दीत पोटाशी धरते.

स्पर्धेच्या दिवशी मुलाने त्यांना आणलं.
तिसरी रांग, कडेची खुर्ची, काठी.
मी वरून दोन्ही बघत होते,
पडद्यावरचे बोलणारे,
आणि त्यांच्याच उजेडात निळसर झालेले हे.

तेविसाव्या मिनिटाला पडदा म्हणाला,
"जेवली का वं?"
करुणाने म्हणायचं होतं, हो, मघाशीच.
करुणा काहीच म्हणाली नाही.
एक. दोन. तीन.
चारला पडदा पुढे बोलणार,
जेवलेल्या लेकीला म्हणणार, बरं केलंस,
आणि आमचं नाटक तिथेच उघडं पडणार.

काठी वाजली. दोनदा. लाकडावर लाकूड.
गंमतीतली थांब म्हणायची खूण,
तालमीत त्यांनीच कधीतरी सांगितलेली.
मी स्पेसबार दाबला.
मग 'ऐकणं' लावलं.
पापणी मिटली, उघडली, श्वास.
पुन्हा. पुन्हा.
अकरा वेळा नऊ फुटांचा बाप वाट पाहत राहिला.
आकडे मी मोजत होते, तो नव्हता मोजत.

करुणाने पडद्याकडे पाठ केली,
अंधारात तिसऱ्या रांगेकडे पाहिलं
आणि म्हणाली, "नाही."

नाही, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.
अकराही तुकडे हो म्हणणाऱ्या मुलीसाठी केलेले.
मी 'नको' लावला.
"जयलं हे ऊन! जयलं हे समदं!
कोनं सांगतलं होतं इथं याले!"
आणि घाम पुसला नऊ फुटांच्या हाताने.
सभागृहात कोणी खोकलंसुद्धा नाही.
तिसऱ्या रांगेत अर्धं तोंड हसलं,
दुसरं अर्धं तसंच.

परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं:
तांत्रिक बाजू ठीक,
एके ठिकाणी दृश्य अडकले.

बाहेर स्कूटरच्या रांगेपाशी
त्यांनी डावा हात माझ्यासमोर धरला,
मुठ मिटलेली.
मी गप्प उभी राहिले.
मोजलं नाही.