जोडकार्ड

परळच्या इस्पितळात, लिफ्टच्या मशीनशेजारच्या खोलीत
एकतीस वर्षं मी पत्ते लिहिले.
मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा,
आणि ज्यांच्या गावाला पोस्टच नव्हतं त्यांच्यासाठी
'पिठाच्या गिरणीवाल्याकडे द्यावे.'

डॉक्टर त्रिलोकेकर मुळात रक्ताच्या.
तरुणपणी जव्हारच्या पाड्यांवर
बोटाच्या टोकातून थेंब घेत फिरलेल्या.
एकदा मला सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला लावला:
गोल गोल पेशी, आणि मध्येच विळे.
'हे विळे गवत कापत नाहीत, गायकर,
ज्याच्या अंगात आहेत त्यालाच कापतात.'
मग घड्याळ पाहून चहा मागवला.

स्तनाच्या गाठींकडे त्या वळल्या ते रक्तामुळेच.
औषध चढवलं की बायकांचं हिमोग्लोबिन सातावर,
वॉर्डात सरसकट लोहाच्या गोळ्या.
त्या रात्री एकट्या बसून स्लाइड बघायच्या
आणि केसपेपरवर लाल शाईनं:
'लोह नको. हिच्या पेशी जन्मापासून लहान.
मुलींनाही तपासायला आणा.'

मग तो मोठा अभ्यास.
अर्ध्या बायकांना ऑपरेशनआधी एक इंजेक्शन, अर्ध्यांना नाही,
कुणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार.
पाकिटं मी चिकटवायचो. खळ घरची.
इंजेक्शनचा गुण कळायला
बायका किती जगल्या ते कळायला हवं,
आणि टाके निघाले की बायका गावी.
म्हणून जोडकार्डं. अर्धं आमचं, अर्धं कोरं, परतीचं.
त्यावर तीन चौकटी.
बरी आहे.
त्रास आहे, येते.
तिसरीसाठी मॅडमनी दोन दिवस घेतले,
शेवटी लिहिलं: घरच्यांनी भरावे.

उत्तरं यायची, हळदीची बोटं लागलेली.
एका नवऱ्यानं कळवलं, ती बरी आहे, मी बरा नाही,
माझ्यासाठी काही पाठवा.
एका मुलीनं तिसरी चौकट भरून
सहीच्या जागी इयत्ता आणि तुकडी लिहिली.

आलेख म्हणजे जिना.
उजवीकडे उतरत जातो, पायरी म्हणजे एक बाई.
जिचं कार्ड येत नाही तिच्यासाठी
रेघेवर बारीक उभी खूण:
इथवर माहीत, पुढे नाही.
परदेशातल्या सभेत मॅडमना पंधरा मिनिटं मिळाली.
शंभरात सात बायका जास्त जगल्या, एवढंच निघालं.
'सात म्हणजे नुसता चिठ्ठ्यांचा खेळही असू शकतो,' कुणी म्हणालं.
'असू शकतो,' मॅडम म्हणाल्या.
परत आल्यावर मला तेवढंच सांगितलं
आणि दोन हजार कार्डं मागवायला लावली.

त्या निवृत्त झाल्या. मग माझीही पाळी आली.
शेवटच्या आठवड्यात एक कार्ड, पिवळं पडलेलं.
सुगंधा नरवडे, तालुका पाटोदा,
आमच्याकडे एकोणीस वर्षांपूर्वीची उभी खूण.
तिन्ही चौकटी कोऱ्या.
खाली कुणा नातवाच्या अक्षरात:
'ऑपरेशनच्या दिवशी सिस्टरनं माझी जोडवी काढून घेतली
ती तिथंच राहिली. चांदीची आहेत.
नात लग्नाची झाली. पाठवून देणे.'

कार्ड घेऊन ठाकुरद्वारला गेलो.
मॅडमनी चष्मा शोधला,
उलटून आधी शिक्क्यावरची तारीख वाचली.
जुनी वही काढली, बोट फिरवत नावापाशी आल्या.
'हिला इंजेक्शन मिळालं नव्हतं, गायकर.'
आणि हसल्या, मी कधी पाहिलं नव्हतं असं.
'म्हणजे सात नाहीत. पावणेसात.'

पेन्सिलीनं ती उभी खूण खोडली,
रेघ उजवीकडे नेत नेत
कागदाच्या कडेपर्यंत आणली.
मग कार्ड पुन्हा हातात घेऊन, जवळ धरून:
'माप लिहिलंय का हो कुठे?'