दोनशे चाळीस

नाशिकरोडच्या प्रेसमध्ये तेहतीस वर्षं
नोटांचे ताव तपासले मी.
शाई फुटलेली, आकडा सरकलेला,
कडेला केसभर पांढरं जास्त,
लाल पेन्सिलीची एक रेघ, की बाद.
भोंगा झाला की हात धुऊन घरी.

आता जेलरोडच्या दोन खोल्यांत
साडेसहाशे पुस्तकं आहेत आणि कामाचा एक डोळा.
डॉक्टर सोमवंशी म्हणाल्या, जपून. दिवसाला दीड तास.
मी मोजण्यातला माणूस:
महिन्याला दोन, वर्षाला चोवीस,
दहा वर्षं धरली, जरा सैल हाताने,
तर दोनशे चाळीस.
म्हणजे चारशे दहा बाद.

काढा.

तीन रविवार गेले.
जाडजूड खंड, लोकांना दिसावेत म्हणून घेतलेले,
काढायला सोपे वाटले होते.
पण मुलीला बघायला आले तेव्हा
बैठकीची लाज त्यांनीच राखली.
विशीत वाचलेली एक कादंबरी
पुन्हा उघडली तर बिघडेल, ही भीती.
ती मोजायची की नाही?
पन्नास पानांचा नियम केला, मग तिसाचा,
मग उभ्याउभ्याच वाचत राहिलो
आणि वरण तळाला लागलं.
सुलभा म्हणते, सगळी वाचनालयाला देऊन टाका.
तिचं बरोबर आहे.
तिचं बरोबर असल्याने काम पुढे सरकत नाही.

काल खालच्या फळीत दिनकर खैरनार सापडला.
नंबरिंगमधला. पी.एफ. काढून कादंबरी छापली,
पाचशे प्रती, चारशे पलंगाखाली.
'वाचून सांग रे,' म्हणाला होता.
आठवड्याने मी म्हणालो, वाचली. छान आहे.
त्याला जाऊन आता सात वर्षं.

पहिल्या पानावर नायक खिडकीत उभा.
चौथ्यावर अजून खिडकीतच.
ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही.
पेन्सिल आपसूक हातात आली.
ऐंशीव्या पानावर तो रात्रपाळी संपवून
बिटको चौकात चहा सांगतो,
नखातली शाई काडीने कोरत बसतो,
आणि पुढचा अख्खा फॉर्मा उलटा बांधलेला.
सोळा पानं, डोक्यावर उभी.

असा ताव माझ्या टेबलावरून
कधी पुढे गेला नसता.

मी पुस्तक फिरवलं.
एक्क्याऐंशी शोधलं, दुसऱ्या टोकाला होतं,
तिथून मागे मागे वाचत आलो.
सुलभा दारात येऊन बघून गेली.
दीड तास केव्हाच संपला होता
आणि त्याचा चहा अजून यायचा होता.